मधल्या दालनातलं वाकणं

संग्रहालय बंद पडू नये म्हणून समितीने सल्लागार नेमला, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. वीस वर्षं इथली व्यवस्थापक मी, आणि इथलं भविष्य मला सांगणार कोण, तर हा टायवाला परका!

पहिल्याच दिवशी तो मधल्या दालनाच्या मध्यावर आला आणि खाली वाकला. वर काहीच नव्हतं. दोन पावलांनंतर तो पुन्हा ताठ झाला आणि पुढे गेला.

"पाठ दुखत असेल," रखवालदारकाका म्हणाले.

पण जाता-येता तो बरोबर तिथेच वाकायचा. शेवटी मी जुने नकाशे काढले. पूर्वी तिथे भिंत होती, आणि भिंतीत एक बुटका दरवाजा. आमच्यापैकी कुणी जन्मायच्या आधीच दोन्ही पाडलेले. नकाशे माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. मग याला सांगितलं कुणी?

आज तो अहवाल घेऊन आला. "मूळ वास्तू जशीच्या तशी परत आणायची," तो म्हणाला. "लोक त्यासाठीच येतील."

"ते राहू द्या. तुम्ही इथे वाकता कशाला?" मी फाडकन विचारलं. "मी रोज ताठ मानेने जाते. बघा!"

मी तरातरा निघाले. मध्यावर माझं कपाळ खाडकन लाकडावर आपटलं. समोर रिकामं दालन होतं, आणि पलीकडून काका माझ्याकडे बघत होते.

मागे त्याने अहवालाचं पान उलटलं.

"पहिला टप्पा पूर्ण झालाय, मॅडम."