ओळखदार

“या बाईंना तुम्ही व्यक्तिशः ओळखता ना?” खरेदीखत चाळता चाळता दुय्यम निबंधकांनी विचारले.

तिने मान वर केली. ओळख पटवायला समोर तिचे वडील उभे होते. तिने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा उंबऱ्यात हात आडवा धरून याच माणसाने सांगितले होते, “ही बाई कोण? आम्ही ओळखत नाही.” पुढे आई गेली, तेही तिला परक्यांकडून कळले. मग आईने दोघा भावंडांच्या नावे घेतलेला फ्लॅट विकायला निघाला, तिच्या सहीवाचून व्यवहार अडला आणि भावाचा फोन आला, “तायडे, जुनं किती दिवस धरून बसायचं?”

“पैसे सगळे तूच घे,” ती म्हणाली होती. “ओळखदार म्हणून फक्त बाबांना आण. बाकी मला काही नको.”

“ओळखतो,” वडील म्हणाले. मग घसा खाकरून, सावकाश, “माझी मुलगी आहे.”

त्या तीन शब्दांच्या उजेडात तिने सही केली, अंगठा दिला. जिना उतरताना तिने वडिलांचे कोपर धरले. त्यांनी धरू दिले.

तेवढ्यात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ वर चढत आले. “काय वर्तक, आज इकडे कुठे? आणि या कोण?”

वडिलांनी हात हलकेच सोडवून घेतला.

“कोणी नाही. सहीपुरत्या आल्या होत्या.”