गोंगाटाचा आडोसा

शकूरचाचानं खटका दाबला, पिंजणाची मशीन गरजली आणि गोपालच्या छातीवरचा दगड उतरला. आता कुणी काही विचारलं तरी ऐकू येणार नव्हतं. ऐकू येत नाही म्हटल्यावर कुणी विचारतही नसे.

अमडापूरच्या बाजाररस्त्यावरचं हे गाद्या-रजयांचं दुकान त्याच्या मायनं, रुखमाबाईनं, शोधून दिलं होतं. त्याआधी तो कुठंच टिकला नाही. मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकानं भाव विचारला की जीभ टाळूला चिकटे. कापसाच्या जिनिंगमध्ये हजेरीला नाव पुकारलं तर ओ देता येईना. मग चिखलीचं बियाण्याचं दुकान. जूनमध्ये कपाशीच्या एका बीटी वाणासाठी माणसं काउंटरवर तुटून पडली, त्या दिवशी तो ओल्या पँटीनं घरी आला. रेटारेटीत पाण्याची कॅन अंगावर कलंडली, म्हणाला. पुन्हा गेलाच नाही.

इथंही पाय ठरला नाही तर मामाबरोबर फवारणीला जावं लागणार होतं. बापाची नजर त्याच फवाऱ्यानं नेली होती. पाठीवर पंप घेतलेलं पोर रुखमाबाईच्या डोळ्यांपुढं यायचं आणि तिचा घास तोंडातच फिरायचा.

शकूरचाचाला मात्र असाच पोरगा हवा होता.

“मले बडबड्या नाई लागत, बेटा,” तो म्हणाला. “माहे कान तं या मशीननंच खाल्ले.”

कान गेले होते, तरी गिऱ्हाइकानं सांगितलेलं गादीचं माप त्याच्या हातून कधी चुकत नसे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं तो नुसता बघत राही. एरवी कुणाची नजर पडली की गोपालच्या अंगावर काटा येई. चाचाच्या नजरेची त्याला सवय झाली.

रुई उडे, म्हणून दुकानात सगळ्यांच्या तोंडावर फडकं. एक दिवस त्या फडक्याआड गोपालचे ओठ आपसूक हलू लागले. कढईत लाह्या फुटाव्यात तसे शब्द फुटले. फडक्यात श्वास कोंडला, तेव्हा त्यानं ते गळ्याखाली ओढलं आणि बोलत सुटला, मायला सांगावं तसं. माणसांची भीती. रात्री अंथरुणात घोकलेली आणि सकाळी न बोललेली वाक्यं. रंगरावच्या चहाच्या हॉटेलावरून जाताना पाय कसे लटपटतात, म्हणून तो मशिदीमागून वळसा घालतो, तेही. मशीन सगळं पिऊन टाकत होती. वरून रुई पडत होती, मऊ, पांढरी, सगळं झाकून टाकणारी.

दुसऱ्या दिवशी रंगराव स्वतःच चहा घेऊन दुकानात आला. म्हणाला, “तू नको येत जाऊ बे, मीच आणत जाईन.” आणि गोड हसला. माणसं आपण समजतो तेवढी वाईट नसतात, असं गोपालला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्या साली बोंडअळीनं कपाशी पोखरली. डागाळलेल्या कवडी कापसाला व्यापारी हात लावीनात, तेव्हा लोक त्यातली सरकी काढून गाद्या भरायला आणू लागले. बाकावर जागा पुरेना. गादी भरून झाली तरी माणसं तोंडाला रुमाल लावून बसून राहत. चाचा एकेकाच्या कानाला लागून काही सांगे. त्या गोंगाटात बोलायची तीच रीत होती. रुईनं त्यांना ठसका लागे, खांदे गदगदत, डोळ्यांत पाणी येई. जाताना गोपालच्या पाठीवर थाप मारून जात.

“तू आला अन् दुकानाले बरकत आली,” चाचा म्हणे.

रस्त्यानं लोक त्याला नावानं हाक मारू लागले. गोपाल मान वर करून चालू लागला. एकदा तर वळसा न घालता घरी गेला. रुखमाबाईनं आळीभर सांगितलं, माह्या पोराले त्याच्या जोगतं काम भेटलं.

मग एक दिवस कवडीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती स्वतःच आली, पोराचं काम बघायला. बाकावरच्या माणसांनी सरकून तिला चाचाशेजारी जागा दिली. तिनं पदर तोंडाला लावला. पदराच्या वर तिचे डोळे नुसते हसत होते.

गोपालला भरून आलं. एक गोष्ट त्यानं अजून मशीनलासुद्धा सांगितली नव्हती. माय समोर होती आणि मध्ये हा गोंगाट, भिंतीसारखा. अशी वेळ पुन्हा यायची नाही. फडकं खाली ओढून, थेट तिच्याकडं बघत, त्यानं ते सांगून टाकलं. अंग पिसासारखं हलकं झालं.

आणि लाइट गेली.

मशीन घरघरत थांबली. बाकावरच्या माणसांनी रुमाल तोंडावर आणखी घट्ट दाबले. चाचा रुखमाबाईच्या कानाशी वाकलेला होता. लाइट गेल्याचं त्याला कळलंच नाही. बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात तो सांगत होता:

“पान्याची कॅन कलंडलीच नव्हती, माय. पँट मीच वली केली.”