देवाचा वेढा

सरका मायबाप, पुढे सरका. टाळ मांडीवर ठेवा अन् कान इकडे द्या. तांब्याच्या एका तारेची गोष्ट आहे. तार केसाएवढी, पण ऐकून घ्यावी अशी.

सुरतेत, कतारगामच्या एका खोलीत, सुंदरा भर दुपारी जमिनीवर मांडी ठोकून बसली होती. पुढ्यात परातीएवढा स्पीकर. भाईदासच्या टॅक्सीत मागच्या सीटमागे बसवलेला तो. सप्ताहाचे सहा दिवस टॅक्सी मंडपाला खेटून उभी राहिली आणि तिच्या बॅटरीवर कीर्तन गल्लीभर गेलं. आज सातवा दिवस. सकाळी काशीरामबुवांचा आवाज तपासताना तो मागे पोचेना, म्हणून मंडळाचे अध्यक्ष बन्सीलाल यांनी बटण शेवटापर्यंत पिळलं. जळका वास सुटला आणि स्पीकर मुका झाला.

काशीरामबुवा म्हणजे सुंदराचे आबा. बावीस वर्षं दिवसा मिलमधला कापूस छातीत भरला आणि संध्याकाळी कीर्तनाला उभे राहिले. आता गळ्यात आवाज उरला होता घोटभर. शेवटची सेवा आज पाचला त्यांची होती. ही हुकली तर पुढल्या वर्षी त्यांना कुणी उभं करणार नाही, हे सुंदराला ठाऊक होतं. आबांनाही होतं. ते भिंतीकडे तोंड करून पुसलेल्याच चिपळ्या पुन्हा पुसत होते.

बन्सीलाल दारात आले. "बुवांचा गळा बसला, आता स्पीकरचाही बसला. कशाला ओढाताण, सुंदराबाई? उधन्याहून दुसरे महाराज आणतो. त्यांना स्पीकर लागतच नाही. नुसतं रामकृष्णहरी म्हटलं तरी कौलं हलतात."

"हलू द्या. आमच्या आबांनी माणसं हलवलीत. चारला या."

"आणि चारला ही परात अशीच मुकी असली तर?"

"तर तुमच्या महाराजांच्या पायांवर घालायला पाणी मी तापवीन."

"आ बेन तो जबरी छे," बाजूला बसलेला भाईदास हसला. आपल्या टॅक्सीचा स्पीकर असा उघडा पडलेला बघून सकाळपासून तो पहिल्यांदाच हसला होता.

सुंदराने स्पीकरचा कागदी कोन कडेने सोडवून वर उचलला. त्याच्या मागे बोटभर कागदाची नळी, नळीवर तार गुंडाळलेली. ती जळून काळी पडली होती. सुंदरा जरीवाल्याकडचा माल घरी आणून तार फिरकीवर भरायची. बारीक तारेशी तिचं रोजचं बोलणं. जळकी तार तिने हळूहळू उलगडली. एका वेढ्याला एक नाम. चौऱ्याण्णव नामं झाली.

भाईदासने पंख्यांच्या मोटारींना तार भरणाऱ्याकडून तसलीच नवी तार आणली. सुंदराने दार लोटलं, पंखा बंद केला, पदर खोचला. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला तरी तिने तारेवरून हात काढला नाही. विठ्ठल, विठ्ठल. वेढ्याला वेढा चिकटत गेला, मधून नख जाणार नाही असा. चौऱ्याण्णव झाले. मग तिने वर आणखी एक घातला.

फिरकी भरली की एक वेढा जास्तीचा, देवाचा. ही तिच्या आईची रीत. आई गेली, रीत राहिली. एवढ्या वर्षांत एकही फिरकी त्यावाचून उतरली नव्हती.

तिने टोकं डाख देऊन जोडली, नळी लोहचुंबकाच्या फटीत बसवली आणि दोन बोटांनी कोन हलकेच दाबला.

खर्रर्र.

"घसाय छे, बेन," भाईदास म्हणाला.

तिने नळी फिरवून पाहिली, फटीत पोस्टकार्डाच्या पट्ट्या सारून मधोमध धरली. पुन्हा खर्रर्र. फटीत जागा होती ती फक्त चौऱ्याण्णव वेढ्यांची.

सुंदराने हात मांडीवर ठेवले. बाहेर बन्सीलाल उधन्याला जायला कुणाकडे तरी सायकल मागत होते.

"आबा," ती घरच्या बोलीत म्हणाली, "देवना वेढा घासस."

चिपळ्या थांबल्या. आबा भिंतीकडून वळले. त्यांनी लेकीच्या बोटांकडे पाहिलं, मग सगळे दात पडलेल्या तोंडाने हसले.

"देवले मझार कसाले कोंडस, माय? तो ते बाहेर आयकाले बठेल शे."

खरंच, बाहेर ऐकायला बसलेल्या देवाला आत कशाला कोंडायचं? सुंदराने टोक पुन्हा सोडवलं. वरचा वेढा काढला, दाताने तोडला आणि मंगळसूत्राला गुंडाळून ठेवला. टोक पुन्हा डाखलं. कोन दाबला. आवाज आला नाही. कोनाच्या कडेला चिकटवायचं सोल्युशन फासून तिने स्पीकर उन्हात ठेवला आणि त्याच्याशेजारी स्वतः बसून राहिली.

चारला बन्सीलाल आले. पाणी तापवावं लागलं नाही.

पाचला मंडप भरला. पुढे नेहमीसारखा एक पाट रिकामा होता, कीर्तन ऐकायला येणाऱ्या मारुतीरायासाठी मांडलेला. सुंदराने गळ्यातून तांब्याचा वेढा सोडवून त्या पाटावर ठेवला. बन्सीलाल बटणाकडे निघाले, तशी तिने वाटेत हात आडवा धरला.

आबांनी रामकृष्णहरी म्हटलं, घोटभर आवाजात. गल्लीच्या पार टोकाला, नळावर भांडी घासणारी बाई हात धुऊन उठली आणि तिने डोक्यावर पदर घेतला.

तेव्हा मायबाप, कीर्तनात पुढे रिकामा पाट दिसला की हात जोडताच तुम्ही. जोडा. पण एवढं करा, त्या देवासाठी एक वेढा बाहेर काढून ठेवणाऱ्या सुंदराचीही आठवण असू द्या.