वाळवंटाची गाडी

"आज ती गाडी गावात येणार न्हाई," शंकरप्पानं रिकाम्या टाकीखाली उभं राहून सांगितलं. "आरटीओचे साहेब फाट्यावरच अडवणार हायती. अर्ज मीच दिलाय."

घागरी लावून बसलेल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. अर्जात काय आहे ते सगळ्यांच्या कानावर होतं. रत्नम्माची पिकअप आंधळा माणूस चालवतो, असं त्यात लिहिलं होतं.

"मंग पाणी कोन आणंल?" केवळाबाईनं विचारलं. तिची वस्ती लांब, माळावर.

"माझा टँकर हाय की. आधी गाव. उरलं तर वस्ती."

उरलं तर! दुष्काळात उरतं ते निस्तं बोलणं, आणि ते शंकरप्पाकडं लई होतं. उदगीर जिल्हा होणार अशी हूल उठल्यापासून तो नव्या जिल्ह्याचा कारभारी असल्यासारखा चालायचा. जिल्हा अजून कागदावर आला नव्हता, याच्या मानेत मात्र आला होता.

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. बाई रडती की काय, असं शंकरप्पाला वाटलं. "बघू काय तरी," म्हणत तो फाट्याकडं निघाला.

गाडी घेतली ती रत्नम्मानंच. तिच्या भावाचा पोरगा सिद्राम चाकणला पिकअपच्या कारखान्यात. सुट्टीला आला की तो गाड्यांचंच पुराण लावायचा. गाडी एकच, पण देश बदलला की तिचं रूप बदलतं. डोंगराच्या देशाला चारही चाकांना जोर असलेली. शेतीच्या देशाला लांब हौद्याची. साहेबलोकांच्या देशाला चार दारांची, आत गार वारं सोडणारी. आणि वाळवंटाच्या देशाला उंच, मोठ्या रेडिएटरची, धूळ गाळायला दोन जाळ्यांची. त्या वाळवंटवाल्यांनी शेवटच्या गाड्या नेल्याच नव्हत्या. कारखान्यानं त्या लिलावात काढल्या होत्या.

"मला तीच पाहिजे," रत्नम्मा म्हणाली. "जिथं पाणी न्हाई तिथली गाडी."

"आत्या, तिकडचं समदं उलटं असतंय."

"असू दे. मी तरी कुठं सुलटी हाय?"

गाडी आधी नायगावला, भावाच्या दारात आली. रत्नम्माही तिथं महिनाभर राहिली. लग्नाला तीस वर्षं झाली, एवढं माहेरपण तिनं कधी केलं नव्हतं. परतली तेव्हा तोंड रापलेलं, तळहातांना घट्टे. जाऊ म्हणाली, "माहेरी झोपायला मिळालं न्हाई वाटतं?"

"झोपायला गेलेच न्हवते," ती म्हणाली.

कागदांसाठी तिनं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. आठवीपर्यंतची शाळा, पण एकही कागद न वाचता सही केली नाही. कायद्याप्रमाणं गाडीच्या मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहावी लागली. उन्हाळा लागला तशी ती धुळीखाली गेली. गावातल्या एकाही गड्यानं ती वाचली नव्हती. पाणी भरणं बायांचं काम. गाडी थांबली की गडी तिकडं फिरकत नसत. शंकरप्पा तर नाहीच नाही.

रोज पहाटे रत्नम्मा आणि तिचे मालक बसवंतप्पा निघत. बसवंतप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. ते चाचपत उजव्या दारानं चढत, रत्नम्मा डाव्या दारानं. रेणापूरच्या अंगाला पाहुण्यांच्या बोरवर हजार लिटरची टाकी भरायची आणि परतायचं. उजवं वळण आलं की रत्नम्मा म्हणे, "हात." बसवंतप्पांचा उजवा हात खिडकीतून बाहेर येई. "घ्या आत," म्हटलं की आत जाई. तो हात शंकरप्पानं लांबून कितीदा पाहिला होता. त्याच्याच भरवशावर त्यानं अर्ज ठोकला होता.

आज फाट्यावर साहेबांनी हात वर केला. गाडी त्यांच्यापुढं दोन पावलांवर अलगद थांबली. शंकरप्पानं मोबाइल काढून धरला.

गाडी उंच, ऊन डोळ्यांवर. रस्त्यावरून साहेबांना उजव्या खिडकीत बसवंतप्पांचा फेटा आणि खांदा तेवढा दिसत होता. त्यांनी तीन बोटं वर केली. "आजोबा, किती बोटं?"

"बोटाचं सोडा साहेब. मला तर तुमी बी दिसंना."

"ऐका!" शंकरप्पा ओरडला. "सोताच्या तोंडानं बोलून राह्यला!"

"लायसन आहे?"

"जन्मात काढलं न्हाई."

साहेबांचा आवाज चढला. "मागं हजार लिटर पाणी, रस्त्यावर लेकरंबाळं. बाई, तुम्ही शेजारी बसून हे चालू कसं देता?"

"तीस वर्षं चालवून घेऊन राह्यले की," आतून रत्नम्मा म्हणाली.

"उतरा खाली, आजोबा. गाडी इथंच राहील."

"त्यांचे गुडघे दुखत्यात, साहेब. उतरवायच्या आधी दार उघडून बघा. शंकरप्पा, तूच उघड की. गाडीजवळ येऊन बघ एकदा, भेतोस काय?"

शंकरप्पा भितो म्हणजे काय! मोबाइल तसाच चालू ठेवून त्यानं झेप घेतली आणि दार ओढलं.

बसवंतप्पांच्या मांडीवर भाकरीचं गठुडं होतं. त्यांच्या पुढ्यात स्टेअरिंग नव्हतं. ते पलीकडं, डाव्या अंगाला, रत्नम्माच्या दोन्ही हातांत होतं. मागच्या फळीवर धुळीखाली तेच लिहिलेलं होतं: लेफ्ट हँड ड्राइव्ह. तिनं एक हात सोडला, कनवटीचं लायसन काढून साहेबांपुढं धरलं आणि म्हणाली, "वाचा लवकर. वस्तीवर घागरी लागल्यात."