बादलीतली बाई

गुरुनाथ बादलीत कोपरापर्यंत हात घालून दोन हजार वर्षं शोधत होता. हाताला लागत होता तो चिखल, दोन झेंडूची फुलं आणि थोडे दहीपोहे.

"आत्या, काय केलंस हे!"

रत्नाआत्या पाटावर बसून जपमाळ ओढत होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेअकरा. चातुर्मासात दुपारी बारापर्यंत त्यांचं मौन असे. ते पेणला कधी मोडलं नव्हतं, इथं अमेरिकेत, फ्रिस्कोत मोडायचं काही कारण नव्हतं. त्यांनी पुढचा मणी ओढला.

बादलीतली बाई म्हणजे मेक्सिकोची मातीची मूर्ती. कोलंबसाला अमेरिका सापडायच्या कितीतरी आधीची, मांडी घालून बसलेली, वीतभर उंच, नाक फुटलेली. ॲरिझोनातल्या एका डीलरकडून गुरुनाथनं ती आणली आणि तेव्हापासून आयटीची नोकरी हा त्याचा जोडधंदा झाला. काचेच्या कपाटात तिच्याभोवती आणखी सोळा जण होते. घडे, वाडगे, एक लठ्ठ कुत्रं. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, ओलं फडकं जवळ न्यायचं नाही, कपाटासमोर शिंकायचं नाही. त्याची बायको आश्लेषा याला 'गुरुनाथचं सोवळं' म्हणे. "आत्यांचे देव निदान रोज आंघोळ तरी करतात," असंही म्हणे.

आज सव्वाबाराला म्युझियमवाली बाई या बाईला न्यायला येणार होती. प्रदर्शनात तिच्याखाली पाटी लागणार होती, 'गुरुनाथ दाबके यांच्या संग्रहातून'. गुरुनाथनं मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना आमंत्रणसुद्धा देऊन टाकलं होतं. एकशे बारा अंगठे आले होते.

काल जेवताना आत्या म्हणाल्या होत्या, "गुरुनाथा, त्या बाईच्या नाकाचं जरा बोलायचं होतं."

"भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, हेच ना?" त्यानं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "आत्या, तुझे देव फुटले की पाण्यात जातात, माझे फुटले की भाव वाढतो. चाळीस वर्षं तू कारखान्यात साच्यातून गणपती काढलेस. ही साच्यातली नाही गं. ही हिस्टरी आहे."

आत्यांनी भात कालवायला घेतला.

आणि आज सकाळी गुरुनाथ वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असताना त्यांनी बाईला साग्रसंगीत निरोप दिला. हळदकुंकू, फुलं, दहीपोहे. मागच्या गणपतीतली विसर्जनाची बादली त्यांनी स्वतः गराजमधून शोधून आणली होती.

"तू तरी थांबवायचं ना यार तिला!" गुरुनाथ आश्लेषावर घसरला.

"मी ड्राइव्ह करत होते. आले तर विसर्जन झालेलं. मला प्रसाद मिळाला."

"जोक करू नकोस! दोन हजार वर्षं, आशू! भूकंप झाले, स्पॅनिश आले, राज्यं बुडाली, एक नाक सोडलं तर हिला ओरखडा आला नाही. आणि माझ्या सख्ख्या आत्यानं..." त्यानं एक झेंडू बाहेर काढून आपटला. "ग्रुपवर काय सांगू मी? लोक तोंडावर हसतील."

आत्यांनी मणी ओढला.

पावणेबाराला त्यानं चिखल चहाच्या गाळणीतून गाळायला घेतला. आश्लेषानं गाळणी काढून घेतली. शेवटी तो आत्यांसमोर फरशीवर बसला आणि त्यानं चक्क हात जोडले.

"एवढंच सांग. का?"

आत्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं होती. पाच मिनिटं तो तसाच बसून राहिला.

बारा वाजले. आत्यांनी माळ डोळ्यांना लावून बाजूला ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि नेहमीच्या हलक्या आवाजात विचारलं,

"भाजलेली माती विरघळते का रे?"

गुरुनाथनं बादलीकडे पाहिलं.

"इतकी वर्षं जमिनीत पावसापाण्यात होती म्हणतोस, आणि इथं अर्धा तास टिकली नाही. कच्ची होती, वरून नुसता रंग. आणि नाक फुटलेलं नव्हतं बाळा, ओल्या मातीत सुरीनं कापलेलं होतं. चुकलेल्या सोंडा कापण्यात माझा जन्म गेला, मला कळणार नाही? तिथं पाटीशेजारी उभा असताना तुला कळलं असतं, त्यापेक्षा घरात बरं."

"मग हळदकुंकू कशाला वाहिलंस?"

"माती आहे. तिनं काय कुणाला फसवलंय?"

दाराची बेल वाजली. गुरुनाथ जागचा हलेना.

आत्यांनी बादली त्याच्यापुढे सरकवली. "ऊठ. खुळ्या म्हातारीनं बुडवली म्हणून सांग. हवं तर थोडा रड. मला नावं ठेवतील, ठेवू देत. मला कुठं इंग्लिश कळतंय?"

बादली घेऊन तो दारापर्यंत पोचला, तेव्हा मागून पुन्हा तोच हलका आवाज आला.

"आणि ती म्युझियमवाली गेली की कपाटातलं ते कुत्रं घेऊन ये. त्याचे कानही मला ताजेच वाटतात."