कैरीचा चाकू

सौदीतल्या रास अल खैरच्या कामगार कॅम्पात कुणी रजेवरून कैऱ्या घेऊन आला, की सगळी खोली पांडूच्या खाटेभोवती गोळा व्हायची. पांडू आपला घडीचा चाकू उघडून पातळ काचऱ्या करायचा आणि मीठ-तिखट लावून एकेकाच्या हातावर ठेवायचा. समोरच्या खाटेवर गुरुनाथच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला तो भंगार चाकू, आणि त्याचा एवढा मान!

शेवटी एका शुक्रवारी तो जुबैल शहरातल्या एका दुकानात जाऊन धडकला. दुकानदाराने काचेवर तीन चाकू मांडले.

"काटना क्या है, भाई?"

पांडूचं नाक, असं काही तोंडावर सांगता येईना. "जो सबसे अच्छा है, वो दो," गुरुनाथ म्हणाला. तरीही तासभर तिन्ही चाकूंची उघडझाप करून, नखावर धार बघून त्याने जपानी पात्याचा, अक्रोडाच्या मुठीचा चाकू निवडला. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम त्यात गेला.

पुढच्याच आठवड्यात रोशन गुहागरहून कैऱ्या घेऊन परतला. गुरुनाथने सगळ्यांदेखत चाकू खटकन उघडला. चाकू या हातातून त्या हातात फिरू लागला, जो तो वाहवा करू लागला. गुरुनाथ आपल्या खाटेवर ऐसपैस मांडी घालून बसला.

"एक नंबर घेतलास, गुरू!" रोशन म्हणाला, आणि चाकू समोरच्या खाटेकडे नेत त्याने हाक मारली, "पांडूदादा, घे. आज तू ह्यानं काप."