हनुवटीसमोरचं नाव

"एवढं नाव उसवून टाका," अंतराळवीर दबक्या आवाजात म्हणाला. यानाबाहेर तरंगताना त्याने घातलेला पोशाख उद्या मॉस्कोच्या संग्रहालयात काचेआड जाणार होता. तो जिने शिवला, ती तैसिया त्यावर शेवटचा हात फिरवत होती.

हेल्मेटच्या आतल्या अस्तरावर, हनुवटीसमोर, तिने लाल दोऱ्याने नवऱ्याचं नाव घातलं होतं: अर्काडी. अर्काडी आणि हा अंतराळवीर एकाच तुकडीतले जिवलग मित्र. मग याने वरिष्ठांकडे त्याची लेखी चुगली केली. अर्काडीला काढलं, तुकडीच्या फोटोतूनही पुसलं, आणि त्याचं नाव घ्यायचीही चोरी झाली.

"दहा मिनिटं डोळ्यांसमोर पृथ्वी नव्हती, हेच होतं," तो म्हणाला. "हेल्मेट बंद, हात पोचत नव्हता. सगळा देश ऐकत होता, बोलणार काय?"

"म्हणून तर तिथे शिवलं." तैसियाने कोरा कागद पुढे सरकवला. "पोशाख आता सरकारजमा आहे, कॉम्रेड. एक टाका काढायलाही अर्ज लागतो. कुणाचं नाव, ते तिथे का आलं, सगळं सविस्तर, खाली सही."



तिने टोपण काढून पेन पुढे केलं. "लिहा. तुमचा हात बसलाय."